गॅलरीतल्या हॉस्पिटलचा रस्ता

सौ. वहिनीस,

एरवी आपलं अगं-तुगं असलं तरी पत्रात रीतसर नमस्कार घालायला मला आवडतं, म्हणून आपल्या घरापासून तुझ्या वॉर्डापर्यंत पुरेल एवढा लांब नमस्कार. तब्येत कशी आहे? मास्कच्या दोऱ्यांनी कानामागे पडलेले वळ बरे झाले का? जेवण वेळेवर होतं का? (उत्तर ‘हो’ असंच येणार. नर्सने स्वतःच्या तब्येतीबद्दल दिलेल्या माहितीवर मी विश्वास ठेवत नाही.) इकडे आम्ही तिघं ठणठणीत. दादा उद्या तुझे धुतलेले कपडे गेटवर द्यायला येईल, त्या पिशवीत हे पत्र घालते आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, “भिंगरी मला विसरली का गं? माझा आवाज ऐकला की पळून जाते.” मी “छे!” म्हटलं आणि तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली. तेव्हापासून ते ‘छे’ मला टोचतंय. पोटच्या पोरीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला ‘छे’ हे काय उत्तर झालं? डायरीत लिहितानाही मला ते अपुरं वाटलं. म्हणून आता नीट सांगते, आणि नीट सांगायचं तर जरा मागून सुरुवात करायला हवी.

तू हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहायला गेलीस तेव्हा शाळा बंद, बाग बंद, आणि सोसायटीने जिन्यात खेळायलासुद्धा बंदी केलेली. भिंगरीचं नाव बदलावं लागेल अशी अवस्था झाली. दिवसभर सोफ्यावर ओल्या टॉवेलसारखी पडून राहायची आणि दिवे मालवले की अंगात वारं शिरायचं. मी वाचलं होतं की या वयाच्या मुलांना भरपूर पळायला-उड्या मारायला मिळालं पाहिजे, म्हणजे झोप आपोआप येते. शिक्षकी पेशा असल्यामुळे मी लगेच वेळापत्रक केलं. पहिला तास बेडूकउड्यांचा. पहिली उडी मी मारून दाखवली, तिने टाळ्या वाजवल्या. दुसरी मारली, ती म्हणाली, “आत्या, अजून!” तिसऱ्या उडीला माझ्या कमरेने साथ सोडली. व्यायाम झाला, त्या दिवशी झोपही गाढ लागली, पण दोन्ही मला. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (दवाखाना बंद असल्याने हल्ली दिवसभर घरी असतात) झाडूच्या दांड्याने त्यांचं छत ठोकायला लागले ते त्या दिवसापासून.

माझं वेळापत्रक असं आडवं झालेलं असताना भिंगरी एके दिवशी बूट घालून समोर उभी राहिली. पाठीला दप्तर, त्यात पाण्याची बाटली आणि तुझा एक मोजा. म्हणाली, “मी आईकडे चालले.” मी म्हटलं, बाहेर जायला बंदी आहे. “मग घरातून जाते.” घरातून रस्ता नाही, असं मी सांगितलं (मुलांशी खोटं बोलू नये असं माझं मत आहे). ती म्हणाली, “तू बघितलंयस का?” आता, मी खरंच बघितलं नव्हतं.

तर रस्ता आहे. सोफ्याच्या टेकडीवर चढायचं, पलीकडे उडी मारायची, जेवणाच्या टेबलाखालच्या बोगद्यातून रांगत जायचं, पॅसेजमध्ये जोरात पळायचं (तो हायवे आहे), दादाच्या खोलीला वळसा घालायचा आणि मागच्या गॅलरीपर्यंत जायचं. गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे, पांढऱ्या पडद्याआड, हॉस्पिटल. मी भूगोल शिकवते. मी म्हटलं, “अगं, हॉस्पिटल पूर्वेला, गॅलरी पश्चिमेला.” ती म्हणाली, “रस्ता वळतो ना, आत्या!” इथे माझी पदवी उपयोगी पडली नाही.

दंतवैद्यांची ठोकाठोकही तिने वाया जाऊ दिली नाही. ती खालून जाणारी आगगाडी. ठोकलं की फाटक पडतं आणि आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या राहतो. बिचाऱ्यांना वाटतं, तक्रारीचा परिणाम झाला. ते थांबले की फाटक उघडतं आणि आम्ही उशीर भरून काढायला दुप्पट वेगाने पळतो. दादा हा वाहतूक पोलीस. त्याने हात वर केल्याशिवाय त्याच्या खोलीपुढून जायचं नाही, असा नियम. परवा मीटिंग चालू असताना (वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा) त्याने निमूट हात वर केला, तेव्हा नेमके साहेब विचारत होते की सुटीच्या दिवशी काम करायला कोण तयार आहे. दादाचं फार कौतुक झालं.

अशा चकरा दिवसभर चालतात. रस्त्यात दरडी कोसळतात (उशा), पूर येतो (ही एकदा खरीच सांडलेली बादली), नवे वळसे घ्यावे लागतात. पण गॅलरीच्या उंबऱ्याशी आली की ती थांबते. पडद्याकडे बघते आणि मागे फिरते. पहिल्यांदा मी म्हटलं, “अगं वेडे, पोचलीस की!” तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान. “आईची ड्यूटी आहे. मध्ये नाही जायचं. पेशंटला इंजेक्शन देताना हात हलतो.” आणि परतीचा प्रवास सुरू. परत येताना बोगद्यात विसावा घेते आणि विसाव्यातच झोपते, बूट घालूनच. पलंगावर नेऊन ठेवलं तर जागी होऊन रडते, कारण मग सकाळी पुन्हा पहिल्यापासून निघावं लागतं. म्हणून गादी आता टेबलाखाली आहे. आम्ही मांडी घालून खुर्चीवर जेवतो. पोर गाढ झोपते, सकाळी भुकेली उठते, गालांवर रंग आला आहे. मी वाचलेल्या सगळ्या लेखांत हालचाल किती हवी ते होतं, कुणाकडे जाण्यासाठी हवी ते नव्हतं. हे ज्या डोक्यातून निघालं ते एवढंसं आहे, आणि मला त्याचा अतोनात अभिमान वाटतो. (आत्या म्हणून वाटतो की शिक्षक म्हणून, याचा अजून निर्णय होत नाही.)

आता तुझा प्रश्न. तुझा आवाज ऐकून ती पळते, हे खरं. कुठे पळते ते मी काल मागोमाग जाऊन पाहिलं. ती बूट घालायला पळते गं. तू “भिंगरी, कशी आहेस?” म्हणतेस आणि ती निघते. तू फोन ठेवतेस तेव्हा ती बोगद्यात असते.

सांभाळून राहा. दादाचा नमस्कार समज. तो सध्या रहदारीत आहे.

तुझी नणंद (तक्रार नसलेली)

ता.क. खरं पत्र इथून पुढे आहे. पुढच्या आठवड्यात तू सुटीवर येशील तेव्हा कृपा करून बेल वाजवू नकोस आणि दारात हात पसरून उभी राहू नकोस. मी तिला सहज विचारलं होतं, आई घरी आली तर? ती म्हणाली, “आईने नाही यायचं. मी तिला आणणार आहे.” तेव्हा दादाला खालून फोन कर. मी तिला टेकडीपलीकडे गुंतवून ठेवते. तू चपला हातात घेऊन आधी न्हाणीघरात जा, आंघोळ करून घे आणि मग गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे उभी राहा. मी उभी राहून पाहिलं आहे, तू मावतेस. पडदा किंचित उघडा ठेव, म्हणजे ड्यूटी संपलेली तिला दिसेल.

ता.क. २. दंतवैद्यांना हात जोडून सांगितलं आहे की त्या दिवशी गाडी सोडू नका. त्यांना काहीही कळलं नाही, पण हो म्हणाले.

ता.क. ३. बोगद्यातली गादी दोघींनाच पुरते, म्हणून माझी उशी मी आदल्या दिवशी काढून ठेवीन. (तिथे मीही झोपते हे वर लिहायचं राहिलं. इतकी चांगली झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.) तू पुन्हा कामावर गेलीस की उशी परत ठेवीन. तोवर पलंगाची सवय करून बघते.