चाळणीचा ठसा

१२ मार्च, सकाळ

ती. अण्णांना,

नमस्कार. लांबूनच करते, जवळ आले तर तुम्ही पाय आखडून घ्याल.

इकडे सगळं ठीक. पहिली भट्टी उतरली, दुसरीचं पीठ फुगतंय, तेवढ्यात लिहायला बसले. दादाकडची गादी तुमच्या गुडघ्यांना मानवली का? चहात साखर कमी लागते हे वहिनीला सांगा. तुम्ही सांगणार नाही, पितच राहाल.

दादाचा फोन आला होता. तुमचा निरोप त्याने शब्दशः ऐकवला. पावावर कुलुपाचा ठसा परत उमटला नाही, तर तुम्ही भट्टी विकून टाकणार.

नाही उमटणार, अण्णा.

कुलूप कुठून आलं ते मला ठाऊक आहे. आजोबांच्या दुकानाला सावकाराने कुलूप ठोकलं, तेव्हा तुम्ही बाहेर फुटपाथवर बसून होतात. पुढे स्वतःची भट्टी झाल्यावर तुम्ही लाकडात कुलूप कोरलंत आणि रोज प्रत्येक पावावर दाबलंत. यापुढे कुलूप लावणार तर मीच, असा तुमचा हट्ट. त्या हट्टावर दादा आणि मी पोटभर जेवलो. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

पण माझ्यावर चिडलात की तुम्ही म्हणायचात, "हिच्या हातात पैसा म्हणजे चाळणीत पाणी!" म्हणून नव्या ठशावर मी चाळणीच कोरली. कोरीव काम यथातथाच. गिऱ्हाइकं 'बटणाचा पाव द्या' म्हणतात. म्हणू देत. चाळताना मी खडा वर धरते आणि पीठ जाऊ देते, म्हणून तर पाव होतो. पैशाचंही मी तेच करणार.

भट्टीवाल्या काकांना कवळी बसवली ती तुमच्या साठवणीच्या पेटीतल्या पैशांतून, तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला असतात. काका आता पाव चावून खातात आणि मीठ कमी पडलं म्हणून मलाच सुनावतात.

"पुढच्या वर्षी बघू" मी आधीही ऐकलंय. आईचे दात गेले तेव्हा. दर वर्षी. पाववाल्याची बायको पाव चहात बुडवून खाते हे गिऱ्हाइकांना दिसू नये, म्हणून ती मागच्या खोलीत दाराकडे पाठ करून खायची. ती गेल्यावर तुम्ही आम्हाला पेटी उघडून दाखवलीत. "बघा, कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही." पेटी काठोकाठ भरली होती. मी उठून गेले. तुम्हाला वाटलं, रडायला गेली. मी रडले नाही. मला तुमचा इतका राग आला होता की तुमच्याकडे बघवेना. तो अजून गेलेला नाही.

भट्टी तुमची आहे, खुशाल विका. मागच्या गल्लीतली बंद पडलेली खानावळ मी भाड्याने घेतली आहे. तिथे नवी भट्टी बांधायला घेतली, काकाही माझ्याबरोबर येतायत. ठसा चाळणीचाच राहील.

दादाला समजूत घालायला पाठवू नका. तुम्ही स्वतः या. भांडायला आलात तरी चालेल, पण आईबद्दल बोलल्याशिवाय मी तुम्हाला परत जाऊ देणार नाही.

आईची,
आणि तुमची मर्जी असेल तर तुमचीही,
धाकटी