घरबसल्या पदवी

४ मे २०२५, रविवार

मी मधुकर शिवराम पराते, वय छप्पन्न, बी.कॉम. (प्रथम श्रेणी, १९९०). भंडाऱ्यातील एका महाविद्यालयात परीक्षा विभागाचा अधीक्षक. ही वही आजपासून लिहितो. हेतू एकच — सूनबाईंच्या ऑनलाइन पदवीविषयी माझे मत तारीखवार नोंदवून ठेवणे. म्हणजे पुढे 'कोणी सांगितलंच नाही' असे म्हणण्यास जागा राहणार नाही.

हर्षा, माझ्या मुलाची — अश्विनची — पत्नी, शहरातल्या एका पतसंस्थेत कंत्राटी लिपिक आहे. ऑगस्टअखेर पदवी दाखवली तर कायम. नाही तर घरी. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिने कुठल्याशा खासगी विद्यापीठाचे बी.कॉम. धरले. हे विद्यापीठ मी पाहिलेले नाही. तिनेही नाही! माहितीपत्रकावर हिरवळ आहे, काचेची इमारत आहे, हसणारी मुले आहेत. शिपाई मात्र कुठेच दिसत नाही. शिपायाशिवाय विद्यापीठ चालते कसे?

९ मे

त्या विद्यापीठाच्या खुशबू नावाच्या मुलीचा मला फोन. "अंकल, आप भी एम.कॉम. कर लीजिए, इस महीने डिस्काउंट है." पदवीवर सूट! साड्यांच्या दुकानात असते तशी. मी विचारले, नापास झालो तर? म्हणाली, "अंकल, टेन्शन मत लीजिए."

जेथे नापास होण्याचे टेन्शन नाही, तेथे पास होण्याला किंमत काय?

१३ मे

जेवताना विषय काढला. वर्गात बसणे, प्राध्यापकांपुढे उभे राहून उत्तर देणे, पंचाहत्तर टक्के हजेरी — यालाच शिक्षण म्हणतात, असे स्पष्ट सांगितले. हर्षा वाढता वाढता म्हणाली, "मामाजी, लग्नाआधी दोन वर्षं करडीवरून रोज एसटीनं येत होती मी कॉलेजले. सर हप्त्यातून एकदा यायचे. माही हजेरी भरली. त्याइचीच नाही भरली."

सौ. हसली. मला हसण्यासारखे काही आढळले नाही.

त्या दोनांतल्या एका वर्षी आमच्या विद्यापीठाचा निकाल सात महिन्यांनी लागला होता. हर्षा तोही मुद्दा काढील म्हणून मी तयारीत होतो. तिने काढला नाही.

१६ मे

माझ्या हाताखालचा लिपिक भुपेंद्र आज म्हणतो, "साहेब, त्याइचं कॉलेज दिसत नाही, अन् आपल्या कॉलेजात पोट्टे दिसत नाही. हिसाब बरोबर!" त्याला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवायला बसवले.

दोन कॉप्या पकडल्या. एकाच्या मोज्यात कागद. "तो कसा आला मले माहीत नाही, सर." कागद आपण होऊन मोज्यात शिरण्याचे बावीस वर्षांतले हे साठावे प्रकरण असावे.

२४ मे

उद्या हर्षाचा शेवटचा पेपर — व्यापारी कायदा. घरातच! पर्यवेक्षक नाही, लॅपटॉपवरचा कॅमेरा म्हणे नजर ठेवतो. विचारले, टेबलाखाली कोण पाहतो? एवढेच म्हणाली, "दहा ते बारा खोलीत कोणी यायचं नाही. आवाजही नको."

सौ.ने माझ्याकडे पाहिले.

२५ मे, रविवार

घडले ते क्रमाने लिहितो.

दहा वाजता हर्षाने दार लावून घेतले. साडेदहाला मी व्हरांड्यात गेलो — अशा परीक्षेत कॉपी करणे किती सोपे असते, हे स्वतः पाहून येथे नोंदवावे म्हणून. कूलरशेजारच्या फटीतून लॅपटॉप स्वच्छ दिसत होता. टेबलाखाली काही नव्हते. मोज्यात काही असण्याचा प्रश्नच नव्हता. ती अनवाणी होती. प्रश्न होता: अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कसा असतो? तिने खूण केली — 'रद्द होण्याजोगा'.

चूक! धडधडीत चूक! आणि माझ्या तोंडून निघून गेले — "अगं, रद्दबातल! मुळापासून रद्दबातल!"

स्क्रीन लाल झाली. 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला. परीक्षा थांबवण्यात येत आहे.'

मी आजवर कोणालाही इतक्या लवकर पकडलेले नाही.

हर्षा वळली. रडली नाही. "मामाजी, मले येत होतं ते. शेवटी तपासून फिरवणारच होती मी."

सौ. म्हणाली, "जनमभर लोकाइचे पोट्टे पकडले. आता आपलीच सून पकडून देली!"

२६ मे

सात दिवसांत खुलासा मागितला आहे. तो अमान्य झाला तर पुढची परीक्षा थेट डिसेंबरात. नोकरी ऑगस्टात जाते.

सौ.चे म्हणणे — "टीव्ही चालू होता म्हणून लिहून द्या. कायले मोठेपणा?" टीव्ही! म्हणजे मोज्यातला कागदच.

लिहिले. नाव, वय, पदवी, हुद्दा. 'विद्यार्थिनीने मदत मागितली नव्हती. उत्तर मी सांगितले, न विचारता.' शेवटचे दोन शब्द हर्षा खोडायला सांगत होती. मी खोडले नाहीत.

२७ मे

गैरप्रकारात सापडलेल्या व्यक्तीस परीक्षेचे काम देऊ नये — आमच्या महाविद्यालयाचे हे परिपत्रक २०११ साली मीच लिहिले. प्राचार्यांकडे अर्ज दिला. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली भुपेंद्रच्या हाती ठेवली. "साहेब, असं काहून करून राहिले? कोणाले मालूम आहे?"

मला.

२९ मे

उत्तर आले. तिसऱ्या दिवशी! आमच्या विद्यापीठात एवढ्या वेळात पत्रावर आवक क्रमांकही पडत नाही. फेरपरीक्षा मंजूर. अट एक: 'सदर व्यक्ती परीक्षेच्या वेळी घरात नसावी.'

माझे मत कायम आहे. शिपायाशिवाय विद्यापीठ नसते.

८ जून, रविवार

सदर व्यक्ती साडेनऊलाच घराबाहेर पडली. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसली. करडीची गाडी पस्तीस मिनिटे उशिरा आली. दोन वर्षे, रोज, हीच गाडी —

बारा वाजून चार मिनिटांनी हर्षाचा फोन. "मामाजी, या आता घरी."

मधुकर शिवराम पराते
भंडारा, ८ जून २०२५