नवी आवृत्ती, जुनी प्रस्तावना

दि. ३ मार्च

आमच्या हौशी रेडिओ मंडळाचे चिटणीस आज दारातूनच म्हणाले, ‘काका, सॉफ्टवेअर बदललं. बटणं सगळी इकडची तिकडे झालीत. मार्गदर्शिका तुम्हीच नवी करा, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.’

खरेच आहे. रेडिओवर कोणत्या केंद्राशी केव्हा बोलणे झाले, आवाज किती स्पष्ट आला, हे संगणकावर नोंदविण्याची रीत मी बावन्न पानांत लिहिली होती. माझे शिक्षण चौथी. परंतु त्या बावन्न पानांत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. छपाई महिनाअखेर.

दि. ५ मार्च

तीन प्रकरणे झाली. मागील खेपेस पद्धत अशी होती — मी मोठ्याने वाचावयाचे, कुटुंबाने संगणकापुढे बसून मी वाचले तेवढेच करावयाचे. ती अडली की त्या ओळीखाली तांबडी रेघ. ‘अहो, आता इथं काय दाबू?’ ‘डोळे आहेत ना तुला?’ असे चाले.

ती आठ महिन्यांपासून लेकीकडे राहते. म्हणून मीच वाचतो व मीच करतो. कोठेही अडत नाही. झालेली प्रकरणे चिटणिसांकडे धाडली.

दि. ९ मार्च

चिटणिसांचा फोन. ‘काका, रागावू नका. पण रेडिओची वायर कुठे जोडलीय ते सॉफ्टवेअरला सांगायचंच तुम्ही लिहिलं नाहीत. तिघं नवे सभासद कालपासून तिथंच बसलेत.’ हसत होते.

तपासले. पायरी गळली आहे. माझा हात ती न लिहिताच करीत होता.

कुटुंब अडत असे ते समजत नव्हते म्हणून नव्हे. मी लिहिले तेवढेच ती करीत असे, आपल्या मनाचे त्यात काही घालीत नसे. हे काम कठीण आहे. मला जमले नाही.

दि. १० मार्च

जुनी प्रस्तावना काढून वाचली. दुसरा परिच्छेद — ‘आमच्या कुटुंबासारख्या मंदबुद्धीस जे समजले, ते वाचकांस न समजण्याचे कारण नाही.’ मंडळाच्या सभेत हे वाक्य मी स्वतः उभा राहून वाचले होते. सर्व हसले. तीही हसली. दोन दिवसांनी तिने बॅग भरली.

तिची सातवी झाली आहे. हे मी त्यात लिहिले नव्हते.

दि. ११ मार्च

काम झाले नाही.

दि. १४ मार्च

ते वाक्य खोडले. नवे जुळविण्यास चार दिवस लागले. ‘ही मार्गदर्शिका दोघांनी लिहिली आहे. जेथे जेथे मी चुकलो, त्या जागा माझ्या पत्नीने शोधून दिल्या. मागील आवृत्तीत मी तिचा अपमान केला. त्याबद्दल मी तिची क्षमा मागतो.’

वाक्ये शुद्ध आहेत. तोंडाने मात्र म्हणवत नाहीत. सर्व पाने लेकीच्या पत्त्यावर टपालाने पाठविली. छापण्यापूर्वी तिने होकार द्यावा, एवढीच इच्छा आहे.

एवढीच नाही. तिने परत यावे.

दि. २३ मार्च

पाने परत आली. तेरा ठिकाणी दुरुस्त्या, तिच्याच अक्षरात. ‘येथे अडते.’ ‘हे आधी सांगावे.’ तेराही बरोबर आहेत. प्रस्तावनेवर मात्र काहीच नाही — खूण नाही, अक्षर नाही.

लेकीस फोन केला. ‘बाबा, वाचलंय तिनं. दोनदा वाचलंय.’

‘मग?’

‘मग काय? मला कशाला विचारता? तुम्हीच बोला ना तिच्याशी.’

‘दे तिला.’

तिकडे कुजबुज ऐकू आली. मग लेकच म्हणाली, ‘आई म्हणते, आत्ता कामात आहे.’

फोन ठेवला. तरीही तिची खोली झाडून घेतली.

दि. ३० मार्च

सकाळी साडेसहास रेडिओ लावला. एका नव्या केंद्राची हाक आली — ‘कोणी ऐकत असल्यास उत्तर द्यावे.’ आवाज कुटुंबाचा. परीक्षा केव्हा दिली, परवाना केव्हा मिळाला, मला कोणी सांगितले नाही.

मी माझ्या केंद्राचे संकेतनाम सांगितले. ते तिला चाळीस वर्षे पाठ आहे. नंतर नियम सोडून ‘अगं’ म्हणालो.

ती म्हणाली, ‘आपला आवाज स्पष्ट येत आहे. धन्यवाद. पुढील केंद्राने बोलावे.’