शेरामी म्युच्युअलचं पहिलं वर्ष

१२ जानेवारी
विमा कंपनीचं पत्र. आपल्या घराचा विमा यापुढे चालू ठेवता येणार नाही, बाजाराची परिस्थिती पाहता आमचा नाइलाज आहे, इतकी वर्षं विश्वास दाखवल्याबद्दल आभार. खाली सहीचा शिक्का. मी तेवीस वर्षं शाळेत उपमुख्याध्यापक होतो. पोरांना काढून टाकायच्या पत्रावरसुद्धा सही पेनाने करायचो. माणुसकी म्हणून काही असतं.

१५ जानेवारी
सहा कंपन्यांना फोन केले. चौघांनी गावाचं नाव ऐकूनच फोन ठेवला. पाचव्या कंपनीतली बाई छपराचं वय विचारून हसली. सहावी सरकारी, ज्याला कुणी घेत नाही त्याला घेणारी. ती वर्षाला अकरा हजार डॉलर मागते! गेल्या वर्षी मी चार हजार भरले होते. अर्लीन म्हणाली, भरून टाकू या, समुद्राच्या तोंडाशी राहतो आपण. माझी बायको कशालाही घाबरते.

१६ जानेवारी, सकाळी ६
सुचलं. घरावर कर्ज नाही, म्हणजे विमा काढा म्हणून बँक मागे लागणार नाही. तर मग कंपनी मीच! ग्राहकही मीच. दर महिन्याला हप्ता वेगळ्या खात्यात टाकायचा, वादळ आलं की त्यातून क्लेम. नाव ठरलं, आमच्या आडनावावरून : शेरामी म्युच्युअल. अर्लीनला समजावून सांगितलं. ती म्हणाली, याला पैसे साठवणं म्हणतात, अल्सीड. तिला धंद्यातलं कळत नाही.

४ फेब्रुवारी
रविवार. जेवायला अर्लीनची मोठी बहीण ओडली. ती आमच्या घरामागच्या बायूच्या, म्हणजे संथ खाडीच्या, पलीकडच्या काठावर एकटी राहते, मुलगा टेक्सासला. नवरा नोलन कोळंबीच्या बोटीवर होता, तीन वर्षांपूर्वी गेला. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, तिच्याकडे दुसरं काहीच नाही. तिच्या विम्याचा हप्ता यंदा नऊ हजार झालाय. गंबोचा रस्सा वाढून घेताना म्हणाली, विमा भरू की जेवू ते कळत नाही.
मी तिथल्या तिथे निम्म्यात पॉलिसी देऊ केली. साडेचार हजार, एकरकमी. ती म्हणाली, आणि घर उडालं तर? मी म्हणालो, कंपनी आहे ना.  ती म्हणाली, नोलन म्हणायचा, अल्सीड आगाऊ आहे पण लबाड नाही.
ही शिफारस फाइलला लावली आहे.
(अर्लीन म्हणते लायसन्सशिवाय हा गुन्हा आहे. घरातल्या घरात कसला गुन्हा?)

१९ फेब्रुवारी
ओडलीचा चेक जमा. तिने जुना विमा रद्द केला, तशी पोच मागवून घेतली. कामात कच्चेपणा नको.

२ मार्च
प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, निळा कोट. कंपनी म्हटली की हे लागतंच.
स्वतःचा हप्ता या महिन्यापासून बंद. संस्थापकाला सूट असते.

२३ मार्च
पाहणीसाठी ओडलीकडे गेलो. पुलावरून गाडीने जायला वीस मिनिटं लागतात, पेट्रोल वेगळं. बायू सरळ ओलांडला तर चार मिनिटं. कंपनीला बोट हवी, हा निष्कर्ष हिशेबातूनच निघतो. ॲल्युमिनियमची, इंजिन नवंकोरं, तीन हजार सहाशे. निधीतून घेतली. अर्लीनने विचारलं, तुला लहानपणापासून हवी होती तीच ना ही? हा निव्वळ योगायोग.

२० एप्रिल
बोटीतून पाहणी. (परतताना सहा ट्राउट मासे मिळाले.) ओडलीला नोटीस दिली : छपरावर शेवाळ, आवारात कोंबड्या, अंजिराच्या झाडाची फांदी घराला टेकलेली. तीस दिवसांत दुरुस्ती न केल्यास पॉलिसी धोक्यात. लॅमिनेट करून दिली.

२३ एप्रिल
ओडलीने नोटिशीच्या पाठीवर मुरंब्याची कृती लिहून अर्लीनला पाठवली. लॅमिनेशनवर शाई टिकत नाही, सगळी पुसली गेली. कडक धोरण हवं.

१९ मे
ओडलीला सांगितलं की अंजीर गेलं नाही तर पॉलिसी जाईल. म्हणाली, अरे अल्सीड, ते लग्नाच्या वर्षी लावलंय, फांदी तोडते, झाड राहू दे. मी म्हणालो, एकाला सवलत दिली की सगळे मागतात. तिने विचारलं, सगळे म्हणजे कोण? 

२२ मे
परवा झाड तोडलं. अर्लीन तिच्या सोबतीला गेली होती, येऊन दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ओडली रडली म्हणे. असे ग्राहक मिळायला भाग्य लागतं.

१ जून
वादळांचा हंगाम सुरू. ओडलीचा हप्ता तेराशेने वाढवला. पत्रात काय लिहावं ते सुचेना, मग जानेवारीतलं पत्र काढलं आणि त्यातलंच वाक्य घेतलं, बाजाराची परिस्थिती पाहता आमचा नाइलाज आहे. वाचायला बरं वाटतं. सहीचा शिक्का मागवला आहे.

६ जून
ओडलीने कोंबड्या विकून पैसे भरले. म्हणजे कोंबड्यांचाही प्रश्न मिटला.

२४ ऑगस्ट
समोरच्या आखातात वादळ. रेडिओवाला म्हणतो मोठं आहे. तो दरवर्षी म्हणतो.

२६ ऑगस्ट, दुपार
गाव सोडायचा हुकूम. बोट घरामागच्या धक्क्याला बांधली, दोन दोर, चार गाठी. ओडली सामान घेऊन आली होती, ती म्हणाली, अशी ठेवू नकोस, गाडीला लावून वर ने, नाहीतर पाणी भरून जागच्या जागी बुडव, म्हणजे वाहून जाणार नाही, नोलन बुडवायचा. नवं इंजिन पाण्यात बुडवू? बायकांनी बोटीतलं शिकवू नये.

२८ ऑगस्ट
उत्तरेला चार तासांवर एका मोटेलात. तिघांत एक खोली. ओडली खुर्चीत बसून टीव्हीत आपला काठ शोधते. मी धीर दिला, म्हटलं, तुझा विमा आहे. ती म्हणाली, हो रे, तोच एक आधार. बरं वाटलं.

३१ ऑगस्ट
परत आलो. आमच्या घराची पन्हळ गेली, बाकी सगळं जागच्या जागी. उत्तम नियोजनाचं फळ. बोट मात्र धक्क्यावर नाही.

१ सप्टेंबर
बोट सापडली. ओडलीच्या स्वयंपाकघरात आहे. घर ज्यांवर उभं होतं त्यातले पुढचे दोन खांब मोडून भिंतीतून आत गेली. घर त्या बाजूला कललंय, छप्पर उडालं, आत तीन दिवसांचा पाऊस. नोलनने केलेल्या कपाटांची दारं बायूत तरंगताना पाहिली.  ओडली एक बशी धुऊन ती ठेवायला जागा शोधत राहिली.
मला फार वाईट वाटलं. इंजिन पार गेलंय.

४ सप्टेंबर
क्लेम आला. वहीच्या कागदावर, पेन्सिलने : माझं घर पडलं. ओडली. फॉर्म भरलेला नाही, तरी मोठ्या मनाने स्वीकारला.

८ सप्टेंबर
निर्णय. पॉलिसी वादळाची आहे. घर पाडलं बोटीने. बोट हे वाहन. वाहनाने धडक दिली तर तो अपघात, आणि अपघात पॉलिसीत बसत नाही. छप्पर वाऱ्याने गेलं हे खरं, पण खांब आधी मोडले की छप्पर आधी गेलं हे पाहणारं तिथे कुणी नव्हतं. क्लेम नामंजूर. उलट तिच्या भिंतीमुळे कंपनीच्या बोटीचं नुकसान झालं, ते सध्या मागत नाही.
पत्र लॅमिनेट करून, नवा शिक्का मारून दिलं.

९ सप्टेंबर
अर्लीनने विचारलं, खात्यात किती आहेत? मी निधी, राखीव निधी, चालू खर्च असं सांगत होतो. ती म्हणाली, आकडा सांग. दोनशे बारा.
ती खाली बसली. म्हणाली, माझ्या बहिणीचं घर खाल्लंस तू. म्हणाली, तिच्याकडून झाड तोडवून घेतलंस, कोंबड्या विकवल्यास, आणि तिच्याच पैशाची बोट तिच्याच घरात घातलीस. मी म्हणालो, घातली वादळाने. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की अशाने क्लेम मंजूर होतो, म्हणून पुढे काही बोललो नाही.

२० सप्टेंबर
ओडलीने जागा विकली, शनिवारी-रविवारी मासे मारायला येणाऱ्या एका शहरी डॉक्टरला. जमिनीचे तेवढे पैसे मिळाले, घराचे वजा झाले, कारण पाडायला खर्च आहे. मुलाकडे टेक्सासला चालली. अर्लीन तिच्याबरोबर. मी विचारलं, किती दिवस? अर्लीन गाडीत पिशव्या ठेवत होती, म्हणाली, दिवस मोजू नकोस.
ओडली काच खाली करून म्हणाली, फ्रीजरमध्ये गंबो ठेवलाय, तीन वेळचा आहे.

३० सप्टेंबर
तिमाही अहवाल. ग्राहक शून्य. प्रलंबित क्लेम शून्य. या किनाऱ्यावर इतकी निर्धोक विमा कंपनी दुसरी नसेल.
अर्लीनला तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. घरात करमत नाही.

९ ऑक्टोबर, दुपारी ३
आणखी एक वादळ, परवा येतंय. खिडक्यांवर प्लायवूड लावायला घेतलं. हे काम दोघांचं, एकाने फळी धरायची, दुसऱ्याने स्क्रू मारायचे. मी डोक्याने दाबून धरली. सरकली. स्वयंपाकघराची काच फुटली, कपाळातून रक्त. शेजारच्या ड्युरेलला हाक मारली, तो माझा विद्यार्थी, एकदा आठवडाभर शाळेतून काढला होता. शिडीवरूनच म्हणाला, सर, माझ्या नऊ खिडक्या बाकी आहेत.

दुपारी ४
टेक्सासला फोन. ओडलीने उचलला. म्हणाली, अर्लीन बोलणार नाही. मी क्लेमचा फेरविचार करता येईल असं काहीतरी म्हणायला लागलो, तर म्हणाली, ते जाऊ दे, वादळ कुठवर आलंय? मी काचेचं सांगितलं. कपाळाचंही. ती म्हणाली, नोलन बोटीवर असायचा तेव्हा मीच लावायचे सगळ्या. खिडकीखाली आधी एक लाकडी पट्टी ठोक, फळी तिच्यावर टेकव, मग एकटा माणूस पुरतो.

संध्याकाळी ६
पट्टी ठोकली. फळी टेकवली. पुरतो.