शंभलले जाणारी मंगळवारची बस

सौ. अंजनाताईले,

धाकट्या तेजरामचा पाया पडून नमस्कार. भाऊजीलेही सांगजो. इकडं सारे खुशाल हाओत, फकत बाबाले शंभलचं वेड लागलं अन् महागूकाकाच्या बैलाले घमंड आली. तुहा पोट्टा चालाले लागला म्हणते! पडते का अजून? तोंडानं मले दोन शब्द जमत नाही हे तुले ठाऊकच हाय (मास्तरनं कविता म्हणाले उभं केलं, तवाच त सहावीतून पळालो), पण कागदावर मले कोणी पाहत नाही, म्हणून आज सारं लिहतो.

झालं असं. रामपायलीच्या राममंदिरात एक महाराज आलते. त्यायनं सांगतलं का बर्फाच्या पहाडामागं शंभल नावाचं एक गाव लपून हाय. आपल्या पोथीत हाय, बुद्धाच्या लोकायच्या पोथीतही हाय. कल्की तिथंच जन्माले येणार. तिथं बिनातेलाचे दिवे जळते, घरं सारी सारखी, जेवताना कोणी जात इचारत नाही, कोणी लहान नाही, कोणी म्हातारं नाही, अन् तिथं ना सासर ना माहेर. बाबा खांबाले टेकून डुलक्या घेऊन राह्यलता (जेवण भारी झालतं). हे शेवटचं आयकलं अन् टक्कन जागा झाला. घरी येताच म्हणे, "तेज्या, मी शंभलले जातो." माय म्हणे, "जा ना, पण पह्यले म्हशीले पाणी दाखवा."

महाराज म्हणलते का तिथला रस्ता माणसाले सापडत नाही, निर्मळ जीवाले सापडते. आता आपल्या गावात निर्मळ जीव कोण? चावडीवर बम चर्चा झाली. पाटलाचं नाव कोणीच घेतलं नाही. शेवटी महागूकाकाचा म्हातारा बैल ठरला. त्याले पोळ्यासारखा सजवला, शिंगं रंगवली अन् मोकळा सोडला. मागं बाबा, त्याच्यामागं काका, त्याच्यामागं मी शिदोरी घेऊन. बैलानं आमाले लोकायच्या धानातून नेलं (शिव्या आमाले बसल्या, बैलाले एकही नाही). एका डबक्यात तो बसला, त आमीही काठाले हात जोडून बसलो. पण उठला का असा चालला, जसं त्याले कोणी बलावून राह्यलं. बाबाचे डोळे भरून आले. बैल गेला सिधा किरनापुरात, एका आंगणात घुसला, अन् गोठ्यात जाऊन गव्हाणीत तोंड घातलं. बाबानं तिथंच डोकं टेकलं. आतून एक बाई झाडू घेऊन आली. "काय हुडकता जी शेणात?"

बाबा म्हणे, "माय, हे शंभल व्हय का?"

"हा आमचा गोठा व्हय. अन् बैलबी आमचाच व्हय, बाजारात इकलेला." मग त्या बाईनं (मैनाबाई नाव तिचं) झाडू फेकली अन् बैलाची मान खाजवत म्हणे, "माहेरी आला व्हय रे माह्या राजा?" बैलानं बादलीभर पाणी पेलं. बाबा त्याच्याकडं पाहतच राह्यला.

वापस येताना बाबा रस्त्याच्या काठाले बसला, उठेच ना. अन् ताई, तवा माह्या तोंडून निंघालं, "बाबा, शंभल त मलाजखंडले हाय." मीच दचकलो. पण मग थांबलो नाही! खाणीच्या कालोनीत बिनातेलाचे दिवे हाय, सारे क्वार्टर सारखे, भाऊजीच्या मेसमध्ये कोणी जात इचारत नाही, पाणी भिंतीतून येते. (पहाड बर्फाचा नाही, तांब्याचा हाय, पण पहाड त हाय.) महागूकाका फिसकन हसला. "अरे, तिथं याच्या पोरीचं घर हाय. पोरीच्या घरचं पाणी पेत नाही, म्हणून यानं नातवाचं तोंड नाही पाह्यलं, अन् तू याले तिथं शंभल दाखवतं!"

खरंच हाय. बाबा नेहमी म्हणते, तहानलेला येईन, तहानलेला जाईन, ते पोरीले पाहवणार नाही, त जातच नाही. पण मी म्हणलो, "काका, शंभलात सासरच नाही, त पोरीचं घर कसं?" बाबानं तमाखू मळली, बम वेळ मळली, मग म्हणे, "मंगळवारची बस कवा येते रे?"

(बर्फाचा पहाड कोणीकडं हाय, हे कोणीच इचारलं नाही.)

तुहा भाऊ,
तेजराम

ता. क. आता कामाचं. मंगळवारी बाबाची बस थांबली का रडू नको. लोटा भरून उभी राह्यजो, अन् 'शंभलचं पाणी घ्या' म्हणजो. भाऊजीले सांग, एकदम पाया पडाले धावाचं नाही, शंभलचे लोक तसे धावत नसन. बाबाले शक आला त तो त्याच बसनं वापस येईन. सारं तुह्या हातात हाय.

ता. क. दुसरा. चिठ्ठी बंद करत होतो, त बाबाची गठोडी दिसली. आत चिन्नोर धानाचे पोहे हाय, अन् त्याच्याखाली लपवून एक लाल झबलं, घुंगरं लावलेलं. शंभलात कोणी लहान नाही, हे बाबानं डुलकीतही आयकलंच असन; त हे झबलं कोणासाठी? गाठ होती तशी बांधून ठेवली.