गाईने खाल्लेलं कमळ

धायरी, पुणे
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, २००१

ती. नंदाताईंना पूर्णिमाचा वाकून नमस्कार.

तिकडे वर्ध्यात तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळवा. आम्ही सगळे ठीक. (तुमच्या भावाचं पोट सोडून, पण तो दोष त्यांचाच, पुढे येईलच.) फोनच करणार होते, पण आमचा फोन ह्यांच्या खुर्चीला लागून आहे आणि काही गोष्टी पत्रातच बऱ्या.

तुमची भाची उत्कर्षा यंदा दहावीला आहे. ते घरात कोणी विसरू शकत नाही, कारण हे रोज जेवताना सांगतात. तर सहामाही संपली आणि तिने मैत्रीण निकिताला घेऊन आमच्या हॉलमध्ये आकाशकंदिलांचा कारखाना काढला. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि चिकटवायला मैद्याची खळ. ती खळ मी शिजवून पातेल्यात झाकून ठेवली होती. हे कंपनीतून आले, झाकण काढलं, साखर घातली आणि वाटीभर खाल्ली. वर मला म्हणाले, "खिरीत वेलदोडा विसरलीस." आणि वाटी पुन्हा पुढे केली. (लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझ्या खिरीला दुसऱ्यांदा वाटी पुढे केली ती त्या दिवशीच.)

मुलींनी फाट्याजवळच्या नव्या सोसायटीपुढे टेबल मांडलं. तिथे सगळे कॉम्प्युटरवाले. दिवसा झोपतात, रात्री अमेरिकेशी बोलतात. पाटी लिहून दिली त्या सोसायटीसमोरच राहणाऱ्या आप्पासाहेबांनी: "कंदील हाताने केले आहेत, हाताने बिघडवू नयेत. घासाघीस करण्याची हौस शेजारी भाजीवाल्या गोदाबाईंकडे भागवावी." पाटी वाचायला गर्दी झाली, कंदील घ्यायला कोणी येईना. दुसऱ्या दिवशी निकिताने पाटी उलटी करून मागे "हॅपी दिवाली, प्लीज टच" असं लिहिलं, तेव्हा कुठे विक्री सुरू झाली. (आप्पासाहेब तिच्याशी अजून बोलत नाहीत.)

मग गाय आली. सगळ्यात मोठा कंदील उत्कर्षाने कमळाचा केला होता, पाकळीवर पाकळी, सगळं तिच्याच डोक्यातलं. मुली पाणी प्यायला वळल्या तेवढ्यात फाट्यावरच्या गाईला खळीचा वास लागला. तिने अर्धं कमळ खाल्लं आणि उरलेलं शिंगात अडकवून कात्रजच्या दिशेला चालू लागली. हे नेमके तेव्हाच कामावरून परतत होते. आदल्या दिवशीच "हे उद्योग बंद, अभ्यासाला बसा" असं बजावणारे हेच, पण स्कूटर टाकली आणि गाईमागे धावले. आप्पासाहेब गॅलरीतून म्हणाले, "सुदर्शनराव, सावकाश. गाईला घाई दिसत नाही." शेवटी कंटाळून तिनेच मान झटकली, आणि हे कामट्यांचा सांगाडा घेऊन लढाई जिंकल्यासारखे परत आले.

मला वाटलं, पोरगी रडणार. तिने सांगाडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, पाकळ्या खालून लावत यायला हव्या होत्या. आता कळलं." तिथेच पदपथावर बसली. हे शेजारी उकिडवे बसून कागद धरत होते, आणि ती ह्यांना "हलवू नका हो" म्हणून दटावत होती. ताई, ह्यांना कोणी दटावलेलं मी तुमच्यानंतर प्रथमच पाहिलं. दिवेलागणीला नवं कमळ उजळलं, तशी सोसायटीतली माणसं मागू लागली. ती काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "हा विकायचा नाही." तो आमच्या दारात लागला आहे. दिवाळी संपली, पण हे उतरवू देत नाहीत.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची
पूर्णिमा

ता. क. खरं काम राहिलंच. उत्कर्षाला दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, ह्यांच्या मनात कॉम्प्युटर. मी बोलले की भांडण होतं, तुम्ही बोललात की आज्ञा होते. एकदा खडसावाल का? मी कळवलं हे मात्र सांगू नका.

ता. ता. क. ताई, हिने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी गेल्या सोमवारीच पोरीची चित्रं घेऊन त्या कॉलेजात जाऊन आलो. तिथले सर बराच वेळ बघत बसले. जाऊ दे तिला. घरी अजून बोललो नाही, कारण माझं मन वळावं म्हणून सध्या रोज माझ्या आवडीचं जेवण होतंय. तेव्हा खडसावायची घाई करू नकोस. काल भरीत होतं, उद्या पुरणपोळी आहे असं ऐकतो.
तुझा सुदर्शन