श्रियेच्या ताटातली डाळ मी का काढली

तुळजापूर, मंगळवार, दुपारचे बारा

तीर्थरूप चंद्रप्रभाक्कांच्या चरणी धाकट्या दत्तोपंताचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा, आपली भूक आणि तामलवाडीची मंडळी ठीक असावीत. (फोनवर मी बोलत असता आपण "कोण बोलतंय?" एवढेच विचारीत राहता, म्हणून हे पत्र शेजारच्या बलभीमच्या जीपने हातोहात पाठवीत आहे.)

मी अद्याप सावरलेलो नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. आज एका विद्यार्थिनीनेच ते माझ्याकडून काढून घेतले. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आपल्या श्रियेच्या रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले निघाले. या विषयात घरात माझ्याइतका अधिकारी कोणी नाही. माझा अंगठा बारा वर्षे त्यानेच सुजतो. मी अनुमान मांडले: जिथे यूरिक ॲसिड, तिथे डाळीचा दोष, श्रियेस ते आहे, सबब श्रियेची डाळ बंद. (तिचे पाय सुजले होते, अंगठी बोटातून निघेना, त्याने तर माझ्या सिद्धान्तास पुष्टीच मिळाली.) आठवडाभर पोरीने वरणाविना भात खाल्ला. "आप्पा, हे पथ्य माझं का तुमचं?" असे विचारी. दोन दिवस डोके दुखते म्हणे. ते मी वाद घालण्याचे फळ समजलो.

आज सकाळी धाराशिवला नेले. डॉक्टर महादेवी (माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे, कधी शंका विचारली नाही) यांनी रक्तदाब मोजला: एकशे छप्पन्नावर एकशे चार. पुन्हा मोजला. तोच. लघवीतून प्रथिनेही जात होती. मी माझे अनुमान सादर केले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "सर, धूर तुम्ही बरोबर बघितला. पण आग दुसऱ्याच घरात लागलीय, आन् तुम्ही आपली चूल विझवत बसलात!" गरोदरपणी दाब असा चढला की मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि यूरिक ॲसिड आत साठते, डाळीचा त्यात अपराध नाही. हे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. डोके दुखले त्याच दिवशी यायला हवे होते. "वरण पोटभर द्या. आन् कपडे घेऊन आजच भरती करा. उद्या नाही, सर."

हेत्वाभासाची, म्हणजे फसव्या कारणाची, नऊ उदाहरणे माझ्या वहीत आहेत. दहावे आठवडाभर माझ्यासमोर कोरडा भात गिळत होते आणि मला दिसले नाही. लहानांस आशीर्वाद.

आपला,
दत्तू

ता. क. डॉक्टरांनी माझाही दाब मोजला. श्रियेहून अधिक निघाला. यंत्र सदोष आहे हे मी तीन मुद्द्यांत सिद्ध केले. त्यांनी गोळी लिहून दिली.

ता. क. दुसरा. मूळ गोष्ट राहिलीच. श्रिया कपडे घ्यायला घरी आली ती खुर्चीवरून उठत नाही. शुक्रवारी ओटी भरेपर्यंत दवाखान्यात मुक्काम करायचा नाही, असे आपण तिला बजावले आहे म्हणे. मी पाच युक्तिवाद केले, पाचही वेळा उत्तर एकच, "आत्या नको म्हणालीय." तरी पत्र अर्धवट टाकून याच जीपमध्ये बसावे, ओटी आजच भरावी आणि तिला स्वतः नेऊन भरती करावे. नारळ इथे मिळेल, खणही मिळेल. तिला 'ऊठ' म्हणणारे माणूस तुळजापुरात नाही.